कारण देण्याची जरूर नाही

१७ एप्रिल १९३९, लोणावळा

आज त्याला पाहिलं. तेवीस वर्षांनी!

तेव्हा उंच वाटला होता. मी अकरा वर्षांची होते, म्हणून असेल. आता पाठीला बाक, तोंडात कवळी, भर एप्रिलात गळ्याला लोकरीचा पट्टा. व्हरांड्यात पपई खात बसला होता. माधवराव दिवाण — देवघाट संस्थानचा सर्वेसर्वा. महाराजसुद्धा त्याला विचारून शिंकतात म्हणे.

मी इथं कशी, ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं माझं मलाच खरं वाटायचं नाही. महाराजांनी रयतेला राज्यघटना द्यायचं ठरवलंय. आजूबाजूची संस्थानं देतायत, मग आपण का मागं राहायचं! वळवणच्या बाजूला महाराजांचा बंगला आहे, तिथं समिती उन्हाळाभर बसणार. पुण्याचे एक निवृत्त जज्जसाहेब अध्यक्ष. त्यांना मसुदे उतरवायला स्वच्छ अक्षराचं माणूस हवं होतं. तळेगावच्या आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी माझं नाव दिलं. "सुटीत घरी बसून काय करणार, अरुंधती? जा." आईला 'लोणावळ्याला लिखाणाचं काम आहे' एवढंच सांगितलंय. कुणाचं, ते नाही.

त्यानं माझा कागद हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला. "वा! असं अक्षर पूर्वी पाहिलंय मी. कुणाचं बरं... छे, आठवत नाही."

माझ्या बाबांचं! चौदा वर्षं तुझी पत्रं लिहिली त्यांनी.

१८ एप्रिल

नाही आठवत? आठवण करून देईन.

२१ एप्रिल

जज्जसाहेबांनी आधी जुने कागद उतरवायला दिलेत. दिवाण या पदाबद्दल आजवर काय काय नियम झाले, ते सगळे एकाखाली एक. "पाया बघू, मग मजला चढवू," म्हणाले. माणूस सज्जन आहे. चहात साखर पडली नाही तरी बोलत नाही.

सगळ्यात जुना कागद १८८० सालचा जाहीरनामा. 'कारभारी महाराजांची मर्जी असेतोवर राहील.' एक ओळ, संपलं. १९०२ मध्ये कारभाऱ्याचा दिवाण झाला, आणि दिवाणाला दूर करायचं तर महाराजांनी सहा महिने आधी कळवायचं असं ठरलं. मग १९१५ चा हुकूम. हा खुद्द माधवरावाच्या डोक्यातून निघालेला. 'संस्थानच्या कोणाही नोकरास दूर करण्याचा अधिकार दिवाणास राहील. कारण देण्याची जरूर नाही.' वा रे न्याय! स्वतःला सहा महिन्यांची सूचना, आणि दुसऱ्याला साधं कारणही नाही.

हा हुकूम १९१५ मध्ये कागदावर उतरवलाय बाबांनीच. अक्षर ओळखलं. चिटणीस होते ना, सांगितलेलं लिहायचं! आणि पुढच्याच वर्षी त्याच हुकुमाखालचा कागद त्यांच्या हातात पडला. तो मला तोंडपाठ आहे. 'आपणांस आजचे तारखेपासून कामावरून दूर करण्यात आले आहे. कारण देण्याची जरूर नाही. कळावे.' बाबांनी वाचला, आणि उलटा करून मागची बाजू पाहिली. परत वाचला, परत उलटा केला. मागं कोरं होतं.

त्यानं कारण दिलं नाही, म्हणून मग गावानं दिली. पैसे खाल्ले. खोटा शिक्का केला. राणीसाहेबांबद्दल वेडंवाकडं बोलले. जितकी तोंडं तितकी कारणं! माझं लग्न ठरलेलं, ते मोडलं. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही. आम्ही तळेगावला मामाकडं आलो. पाच वर्षांनी बाबा गेले. जायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा मला विचारत होते, "काय चुकलं असेल गं माझं?"

आणि ह्याला अक्षर आठवत नाही.

२४ एप्रिल

समितीत रयतेचा म्हणून एकच सभासद आहे. भिमाजी. तिकोण्याच्या पलीकडं, संस्थानच्या हद्दीतला शेतकरी. पन्नाशीचा असेल. पहाटे निघून कामशेतपर्यंत पायी येतो आणि तिथून आगगाडीनं इथं. पायताण पायरीशी काढून ठेवतो. समितीतल्या दिगंबर वकिलांचे बूट मात्र गालिच्यावर! वकील बोलायला उठले की जज्जसाहेब घड्याळाला किल्ली देतात.

भिमाजीला लिहिता-वाचता येतं, पण बेताचं. जोडाक्षर आलं की बोट ठेवून थांबतो. समितीचा नियम असा, की ज्याला काही बदलून हवं असेल त्यानं लेखी दुरुस्ती द्यायची, तीही कायद्याच्या भाषेत. म्हणजे भिमाजीनं गप्प बसायचं! आज जेवणाच्या सुटीत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाई, म्या बोलतो, तुमी लिवा. आमची बोली ह्यांला वळकू येत न्हाई."

वेठीबद्दल बोलला. महाराज शिकारीला निघाले की गावागावातून माणसं धरून नेतात, ओझी वाहायला. भाताची लावणी असो नाहीतर घरात बाळंतीण असो. "आन भाकरी बी आपलीच बांदून न्यायाची, बाई! धनी वाघाला मारनार आन आमी भुकंनं मरनार." मी कायद्याच्या भाषेत लिहून दिलं. त्यानं दोनदा वाचून घेतलं, मग सही केली. सही करताना जीभ दातात धरतो.

जाताना पळसाच्या पानात करवंदं ठेवून गेला. चांगली काळीभोर, गोड होती.

२९ एप्रिल

आज कलम अकरा. मुख्य कलम! दिवाण हे पद जाणार, त्याच्या जागी 'मुख्य प्रधान' येणार. माधवरावानं स्वतः आणलेला पहिला मसुदा वाचला: 'मुख्य प्रधान महाराज नेमतील आणि महाराजांची मर्जी असेतोवर तो राहील.' झालं! साठ वर्षं चालून जिथून निघालो तिथंच परत. पहिला मुख्य प्रधान कोण होणार ते इथल्या माळ्यालाही ठाऊक आहे. दिवाणसाहेबांनी त्यासाठी पुण्याला नवा अंगरखा टाकलाय शिवायला, असं आचारी म्हणाला.

जज्जसाहेबांनी मान हलवली. "माधवराव, मर्जीवर घोडा ठेवतात, प्रधान नाही."

मग दुसरा मसुदा. नेमणूक महाराजांची, पण मुदत पाच वर्षं. आणि मध्येच काढायचं तर ते काम प्रतिनिधी सभेचं. सभेत पंधरा सभासद — नऊ रयतेनं निवडलेले, सहा महाराजांनी नेमलेले. आरोप लेखी द्यायचे, प्रधानाला जबाब द्यायची संधी, आणि दहा मतं विरुद्ध पडली तरच तो जाणार.

वकील खूश. जज्जसाहेब खूश. दिवाण पपई खातोय.

२ मे

गणित मांडून पाहिलं. रयतेचे नऊच्या नऊ एक झाले, तरी नऊच. दहावा कुठून आणायचा? महाराजांचे सहा म्हणजे ह्याच्याच पंगतीतले. त्यातला एक फुटायचा नाही. आणि आरोप लेखी दिले, तर हा चार वकील लावून चाळीस पानांचा जबाब देईल आणि वर शालजोडी घेऊन घरी जाईल. जबाब! माझ्या बाबांना दिला होतास जबाब?

दहा नकोत, आठ. साधं बहुमत. आरोप नको, जबाब नको. त्याचंच वाक्य त्याच्या गळ्यात. त्या खुर्चीवर बसू दे त्याला वर्षभर, हारतुरे होऊ देत, फोटो निघू दे. आणि मग एक दिवस तो कागद!

पण मी कोण? मी फक्त लिहिणारी. दुरुस्ती सभासदानंच द्यायला हवी.

५ मे

देवा, तू आहेस!

भिमाजी आज कलम अकराबद्दल दुरुस्ती लिहून घ्यायला आला. त्याचं म्हणणं असं: प्रधानाला काढलं, तर का काढलं ते गावोगाव चावडीवर वाचून दाखवलं पाहिजे. "राजवाड्यात काय व्हतं ते आमाला कदी कळतच न्हाई, बाई. कुनाला चडिवलं, कुनाला उतरिवलं — आमी आपलं नवं नाव पाठ करायाचं! आमच्या गावकीत चोराला बी इचारत्यात, बाबा तुजं काय म्हननं हाय. मंग परधान तर लय मोटा मानूस."

म्हणजे ह्याला हवं ते माझ्या अगदी उलट.

मी म्हटलं, मी सगळं कलमच नीट लिहून देते, म्हणजे तुकडे जोडायला नकोत. आणि लिहिलं: 'प्रतिनिधी सभेने बहुमताने ठराव केल्यास मुख्य प्रधान तत्काळ पदावरून दूर होईल. सदर ठराव प्रत्येक गावी चावडीवर जाहीर वाचून दाखविण्यात यावा.' आरोपांचं, जबाबाचं पोटकलम गाळलं. वाचून दाखवलं. चावडी आली तशी त्याची मान हलली. मग म्हणाला,

"यात कारनाचं कुटं आलं?"

माझा हात थांबला. थांबला होता, हे लिहून ठेवते.

मी म्हटलं, "ते आलंच त्यात. कारणाशिवाय कोण कुणाला काढतं?"

हसला तो. "त्ये बी खरंच. तुमी शिकलेल्या, तुमाला ठावं." आणि जीभ दातात धरून सही केली.

९ मे

मंजूर! एका सुरात!

मला वाटलं होतं, म्हातारा तडफडेल. जज्जसाहेबांनी कागद वाचला, भुवया वर गेल्या, आणि दिगंबर वकिलांशी इंग्रजीत सुरू झालं. आरोप गाळले, जबाब गाळला, हे रयतेच्या माणसानं कसं काय सुचवलं, असं काहीतरी. मला तेवढं समजतं. भिमाजीला नाही. तो दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होता. शेवटी जज्जसाहेबांनी मराठीत विचारलं, "ही दुरुस्ती तुमचीच ना? तुम्हांला अशीच हवी?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी टाकाचं टोक पुसत होते.

"व्हय. बाईंनी लिवलंय ते बराबर हाय."

वकील म्हणाले, रयतच जर सभेला इतका अधिकार देते, तर आपण कोण आडवे येणार? आणि मग दिवाणानं कागद मागून घेतला. पुष्कळ वेळ वाचला. दोनच वाक्यं, पण पुष्कळ वेळ. "भिमाजी, दुरुस्ती नामी आहे हो. माझा विरोध नाही." आणि कवळी दाखवत हसला. कुणाकडं बघून, ते कळलं नाही.

म्हातारचळ लागलाय. स्वतःचा फास स्वतः चाचपून बघतोय आणि म्हणतोय, सूत चांगलं आहे!

१५ मे

आता परिशिष्टं. घटनेखाली जे जे हुकूम निघतील त्यांचे नमुने करायचे — नेमणुकीचा, रजेचा, सभा बोलावण्याचा, असे बारा. हे नमुने संस्थानच्या शिळाछापखान्यात निघणार. पिवळ्या कागदावर तेलकट शाईनं आपण लिहायचं, ते अक्षर जसंच्या तसं दगडावर उतरतं आणि शेकडो प्रती निघतात. फक्त नावाची आणि तारखेची जागा कोरी. खाडाखोड चालत नाही. हात कापला तर सगळा कागद फुकट.

नमुना सातवा: मुख्य प्रधानास दूर केल्याचा हुकूम.

मला विचार करावा लागला नाही. 'आपणांस आजचे तारखेपासून कामावरून दूर करण्यात आले आहे. कारण देण्याची जरूर नाही. कळावे.' बाबांच्या वळणानं लिहिलं. 'ज'चा काना ते थोडा आत घ्यायचे, तसाच घेतला. बाराही नमुने जज्जसाहेबांनी वरवर पाहून सही केली. परिशिष्टं कोण वाचतं?

आता डोळ्यांपुढं सारखं तेच येतं — तो चष्मा वर करतो, कागद डोळ्यांजवळ नेतो, वाचतो, आणि उलटा करून मागची बाजू पाहतो. पाहा! कोरी आहे. मी मुद्दाम कोरी ठेवलीय. आज दोन पोळ्या जास्त जेवले.

२१ मे, तळेगाव

रविवार म्हणून घरी आले. आईला कळलंच. मामानं सांगितलं असणार. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "माधवरावाकडं जातेस होय?"

मग मी सगळं सांगितलं. कलम, बहुमत, नमुना सातवा. मला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. पाठीवरून हात फिरवेल. ती शेंगा सोलतच राहिली.

"तुझे बाबा कधी त्याचं नाव घेत नव्हते. तू रोज घेतेस."

"मग काय विसरून जाऊ?"

"विसरू नको गं. पण त्या खुर्चीवर तोच बसणार, हे तुला कुणी सांगितलं?"

म्हातारी झालीय आई. तिला राजकारण कळत नाही.

११ जून

काम संपलं. भिमाजी निरोप घ्यायला आला. वेठीचं कलम घटनेत आलं, त्याचा केवढा आनंद त्याला! "बाई, तुमच्या हातानं झालं ह्ये. भात झालं की आंबेमोर आनून देतो." मला 'नको' म्हणायचं सुचलं नाही.

१४ ऑगस्ट, तळेगाव

हे काय ऐकतेय मी!

दिगंबर वकील फलाटावर भेटले. दिवाणानं महाराजांना कळवलं म्हणे — मी थकलो, मुख्य प्रधान व्हायची इच्छा नाही, रयतेचाच माणूस बसू दे. आणि स्वतः? 'महाराजांचे खासगी सल्लागार'! मी विचारलं, हे पद कुठल्या कलमात आहे? वकील हसले. "कुठल्याच नाही, बाई. तीच तर मेख आहे. ज्या पदाला कलम नाही, त्याला काढणार कशाखाली?"

घरी येऊन घटनेची माझी प्रत चाळली. एकशे चार कलमं. एकातही तो नाही. कोल्हा निघून गेला आणि मी बिळाशी काठी घेऊन उभी.

१५ ऑगस्ट

हसला होता तो त्या दिवशी. मला ओळखलं होतं का?

४ सप्टेंबर

विलायतेत लढाई पेटली. शाळेत दुसरं बोलणं नाही. मला हिटलरचं काय! माझा शत्रू देवघाटात बसून पपई खातोय.

२८ जानेवारी १९४०

संस्थानात निवडणुका झाल्या. भिमाजी सगळ्यात जास्त मतांनी आला.

१० एप्रिल

भिमाजी मुख्य प्रधान! पायताण काढून पायरीशी ठेवणारा माणूस! सल्लागारानंच महाराजांना नाव सुचवलं म्हणे.

सगळी शाळा पेढे मागतेय, कारण मी एकदा म्हटलं होतं, मी ओळखते त्यांना. पेढे वाटले. माझ्या तोंडात घातलेला बराच वेळ तसाच राहिला. त्या खुर्चीखाली मी काय पुरून ठेवलंय ते मला माहीत आहे.

१७ जुलै

भिमाजीभाऊ घरी आले होते! डोक्यावर नवा फेटा, खांद्यावर तांदळाची पिशवी. "भात झालं की देतो म्हनलो व्हतो, जरा उशीर झाला." आई त्यांना पाटावर बसा म्हणाली, ते उंबऱ्याशीच बसले.

वेठ बंद झाली. सत्तावीस गावांत! मागल्या महिन्यात महाराज शिकारीला निघाले तर ओझ्याला माणूस नाही. शेवटी मजुरी ठरवून माणसं न्यावी लागली. आता हिरड्याचा ठेका मोडायचा म्हणतात, म्हणजे जो गोळा करेल त्यालाच मोल मिळेल. "परधान झालो म्हून काय, बाई, कागुद आला का अजून बोट ठिवूनच वाचतो. पर वाचतो सगळा."

सांगायला हवं होतं. तिथंच, आईसमोर. भाऊ, कलम अकरा बदलून घ्या, त्यात एक भोक आहे आणि ते मी पाडलंय. जिभेवर आलं होतं. पण मग हेही सांगावं लागलं असतं, की तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. ते नाही सांगवलं.

उलट काय बोलले? म्हटलं, "भाऊ, तो सल्लागार अजून वाड्यावर जातो ना? ते पदच घटनेत नाही. सभेत ठराव आणा आणि त्याचा सल्ला बंद करा. नाहीतर तो तुम्हांला काम करू द्यायचा नाही."

"म्हातारा हाय, बसंना का. आमचं काय खातोय?"

"खातो, भाऊ. माणसं खातो."

बाबांचं सगळं सांगितलं. कागद, मागची बाजू, सगळं. त्यांचे डोळे भरले. "आसं बी करत्यात व्हय! कारनच न्हाई?" फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आनतो ठराव."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी तांदूळ डब्यात भरायला घेतले.

२० जुलै

अजून जिंकता येईल. खुर्चीवरून नाही तर वाड्यातून, पण बाहेर काढीनच. दाराबाहेर उभा राहील तो, गळपट्टा गुंडाळून. आणि मी मुद्दाम बघायला जाईन. विचारीन, अक्षर आठवलं का?

११ नोव्हेंबर

भाऊंनी ठरावाची सूचना दिली. सल्लागार पद रद्द करावं. पुढच्या बैठकीत मतं पडणार. दिगंबर वकील म्हणतात, नऊच्या नऊ त्यांच्या बाजूला आहेत.

दिवस मोजतेय.

९ डिसेंबर

बैठक पुढं ढकलली. महाराजांची प्रकृती बरी नाही, असं कारण दिलंय. ह्याला मात्र कारण आहे!

२२ डिसेंबर

वकिलांनी बातमी आणली. रयतेच्या नवांतल्या दोघांना हिरड्याचा ठेका मिळाला. पाच वर्षांचा, दोघांत मिळून. वाड्यावरूनच.

दोन. आणि सहा. आठ.

दहा असते, तर चार फोडावे लागले असते. चार फुटले नसते, माणसं तशी वाईट नाहीत. लेखी आरोप द्यावे लागले असते, तर भाऊंवर काय ठेवणार होते? वेठ बंद केली हा आरोप चावडीवर वाचला असता, तर लोकांनी वाचणाऱ्याला उचलून विहिरीत टाकलं असतं.

हे सगळं दुसऱ्या मसुद्यात होतं. जज्जसाहेबांनी घातलं होतं. मी काढलं.

२३ डिसेंबर

भाऊंना पत्र लिहिलं. सगळं खरं. चार पानं. उद्या सकाळच्या टपालानं टाकते.

२४ डिसेंबर

शाळेच्या समारंभात टाकायचं राहिलं.

२७ डिसेंबर

राहिलं नव्हतं. पेटीपर्यंत गेले होते. ते पत्र त्यांना दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. इतकी जोडाक्षरं आहेत त्यात. निदान मी स्वतःला तसं सांगितलं, आणि परत आले.

४ जानेवारी १९४१

झालं. आठ विरुद्ध सात. भाऊंना काढायचा ठराव करवून घ्यायला त्या सल्लागाराला पाव तास लागला म्हणे. सत्तावीस गावांत चावडीवर वाचला.

आईला सांगितलं. भाताचं आधण ठेवलं होतं, त्यात तिनं आंबेमोहोर वैरला. घरभर वास सुटला. मला जेवण गेलं नाही.

९ जानेवारी

मोठ्या बाईंकडं देवघाटचे दोन पाहुणे आले होते. एक म्हणाले, "तो भिमाजी! पैसे खाल्ले त्यानं. उगाच काढतात का कुणाला?" दुसरे म्हणाले, छे, सरकारी शिक्का घरी नेला होता.

मी उठून वर्गात गेले. तास नव्हता, तरी गेले.

१३ जानेवारी

भिमाजीभाऊ आज शाळेत आले. पायताण काढून, दाराशी उभे. फेटा जुनाच. घडी घालून घालून मऊ झालेला कागद माझ्यापुढं धरला.

"बाई, गावात काय काय बोलत्यात. पोरीच्या सासरचं बी इचारत्यात, काय केलं म्हून. मला वाटलं, चावडीवर पाटलानं कारन गाळलं असंल. म्हून आलो. तुमीच म्हनला व्हता न्हवं, कारनाशिवाय कोन कुनाला काढतं? आन ह्ये अक्षार बी तुमचंच वाटतंया, तवा तुमाला ठावं असंल. वाचून दावा."

अक्षर माझंच. नाव आणि तारीख तेवढी दुसऱ्याच्या हातची. मी वाचून दाखवलं.

"'जरूर न्हाई' म्हनतोय कागुद. न्हाई कशी? मला हाय की जरूर."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, आणि उलटा करून मागची बाजू पाहिली.